परवान्याचं रिव्हॉल्वर: आधी रेंज, मग कंबर

दहापॉइंटनऊ
माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शिव्या लवकर सुरू होतील. स्वसंरक्षणासाठी रिव्हॉल्वरचा परवाना मागणाऱ्याला आधी वर्षभर एखाद्या रायफल क्लबात .२२ चं (म्हणजे ०.२२ इंची गोळीचं, सरावाचं) पिस्तूल चालवायला लावावं. तिथून 'हा माणूस हत्यार नीट हाताळतो' असं लेखी आलं, तरच फाइल पुढे सरकावी. २०१६ च्या शस्त्र नियमांत प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राची अट आहे, माहीत आहे. पण ते प्रमाणपत्र खिशात असलेले लोक रेंजवर येतात तेव्हा त्यांचे हात बघा एकदा. परवा एक गृहस्थ नवंकोरं बत्तीस बोअर (०.३२ इंची गोळीचं रिव्हॉल्वर) घेऊन आले होते. कागदाला गोळी लागली नाही हे सोडा. मागून कुणी हाक मारली, तर बोट ट्रिगरवर तसंच ठेवून, नळीसकट अख्खे मागे वळले! आमचे रेंज ऑफिसर एरवी आवाज चढवत नाहीत, त्या दिवशी तिसऱ्या लेनपर्यंत ऐकू आले.

आणि 'कोणतं घेऊ?' हा प्रश्न तर लोक मोबाइल घेतल्यासारखा विचारतात. अहो, निवडायला आहेच किती? नऊ एमएम आपल्याला मिळत नाही, परदेशी नवं हत्यार सामान्य माणसाला आणता येत नाही. फिरून बहुतेक सगळे कानपूरच्या सरकारी कारखान्यातल्या बत्तीस बोअरवर येतात. २०१४ मध्ये तिथलंच 'निर्भीक' रिव्हॉल्वर आलं, अर्ध्या किलोचं, सव्वा लाखाच्या आसपास किमतीचं, बायकांच्या पर्समध्ये मावणारं म्हणून गाजवलेलं. पण हत्यार जितकं हलकं तितका झटका जास्त, आणि नळी जितकी आखूड तितकी नेम धरायची मारामार. २५ मीटरच्या स्पर्धेतल्या पिस्तुलाला ट्रिगरचं वजन, म्हणजे तो ओढायला लागणारा जोर, किमान एक किलो लागतं, एअर पिस्तुलाला ५०० ग्रॅम. मागचा घोडा आधी अंगठ्याने न चढवता, नुसता ट्रिगर ओढून रिव्हॉल्वर झाडायचं तर त्याच्या कितीतरी पट जोर लावावा लागतो, आणि तेवढ्यात नेम कुठच्या कुठे जातो. म्हणजे चालवायला सगळ्यात अवघड हत्यार आपण सगळ्यात नवख्या माणसाच्या हातात देतो.

सराफकट्टा
वा. तुमचं वर्ष कोण भरून देणार? आमच्या तालुक्यात रायफल क्लब नाही, जिल्ह्याला आहे तो कधी उघडा असतो ते तिथल्या वॉचमनला माहीत. रात्री शटर ओढून माल घरी न्यायचा तो मी आणि धाकटा भाऊ, दोघंच. खंडणीचा फोन आला तर काय सांगू, 'थांबा साहेब, माझं अजून वर्ष व्हायचंय'? पोलीस पंचनाम्याला वेळेवर येतात, त्याबद्दल तक्रार नाही.

शिवाय हत्यार मिळूनही आपलं कुठे असतं? निवडणूक आली की ठाण्यात जमा. २०२४ ला लोकसभा झाली, मागोमाग विधानसभा. चोरांना आचारसंहिता लागत नाही वाटतं.

मीठभाकर
तुम्ही दोघं शहाणी माणसं आहात म्हणून हा वाद गोड वाटतोय. बीडला या. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुखांचा खून झाला, त्यानंतर जिल्ह्यातल्या परवान्यांचा हिशोब निघाला तो हजाराच्या वर. गुन्हे दाखल असलेलेही त्यात निघाले. मग रद्द करायची धावपळ. इतकी वर्षं पोलिसांचा अहवाल काय बघून जात होता? कमरेला हत्यार, वर उघडी जीप, मागे डीजे, आणि त्याची रील. स्वसंरक्षण म्हणे! कुणापासून? एकमेकांपासून. खाजगी माणसाला लहान हत्यार द्यायचंच बंद करा, क्लब नको नि कोर्स नको.

काळाकोट
तिघेही कायदा न उघडता भांडताय, म्हणून थोडं लांबण लावतो.

१९५९ च्या शस्त्र अधिनियमाचं कलम १३(३) वाचा. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी वीस इंच किंवा त्याहून लांब नळीची गुळगुळीत बंदूक, म्हणजे आपली बाराबोअर, आणि मान्यताप्राप्त क्लबाच्या सदस्याला सरावासाठी .२२ ची रायफल, हे परवाने नाकारायला कलम १४ मधलं कारण लागतं. रिव्हॉल्वर-पिस्तुलाचं उलटं आहे. तिथे 'सबळ कारण' अर्जदाराने पटवून द्यायचं. म्हणजे कायद्याने लहान हत्याराला आधीच वेगळी वागणूक दिलेली आहे.

मीठभाकर, तुमच्या रीलवाल्यांबद्दल: २०१६ चे नियम सांगतात की सार्वजनिक जागी हत्यार होल्स्टरमध्ये किंवा पिशवीत, पूर्ण झाकलेलं असलं पाहिजे. अमेरिकेत काही राज्यांत लपवून बाळगायला वेगळा परवाना लागतो. आपल्याकडे झाकूनच न्यायचं, दाखवलंत तर परवाना गमावण्याची पाळी. आणि वरातीत हवेत बार काढला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तेव्हा नियम कमी नाहीत, राबवणारा हात कमी आहे.

(अवांतर: पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येत नाही, हे कलम १४ मध्ये स्पष्ट आहे. तरी टेबलापलीकडून पहिला प्रश्न 'रिटर्न किती भरता' हाच येतो.)

चहाबिस्कीट
वकीलसाहेबांची फी कोण देणार?

पिस्तूलवालीची_आई
दहापॉइंटनऊ, तुमच्या कल्पनेला माझा ठाम विरोध आहे, आणि तो खेळाच्या बाजूने आहे. कृपा करून ही मंडळी आमच्या लेनवर पाठवू नका. मुलगी एअर पिस्तूल मारते. .१७७ चं, २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीचं, त्याला परवानाही लागत नाही. तरी बसमध्ये केस बघून लोक सरकून बसतात. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटरला सोनं आणलं तेव्हा वाटलं, आता तरी पिस्तूल म्हणजे गुंड हे डोक्यातून जाईल. तुम्ही पुन्हा तेच दोन्ही एका ताटात वाढताय.

दुसरं, उपयोग काय? आमच्या खेळात श्वास धरून, सावकाश, शर्टाच्या गुंडीएवढ्या दहाच्या वर्तुळावर मारायला शिकवतात. समोरचा कागद पळत नाही, उलट गोळीही मारत नाही. त्याने सराफांचं दुकान वाचेल?

दहापॉइंटनऊ
नेम सुधारावा म्हणून मी म्हणतच नाहीये. नळी कायम समोर, बोट ट्रिगरच्या बाहेर, चेंबर (गोळी बसते ती जागा) रिकामं करून दाखवल्याशिवाय हत्यार खाली ठेवायचं नाही: हे अंगात मुरायला वेळ लागतो, ते दोन दिवसांत होत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिनेता गोविंदा यांच्या पायात स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्वरची गोळी गेली. पहाटे, घरात, कपाटात ठेवताना. समोर कोणी चोर नव्हता.

लेन अपुऱ्या आहेत हे मान्य. मग त्यांच्याकडून दुप्पट फी घ्या आणि लेन वाढवा.

सराफकट्टा
फी देतो हो, क्लब तर दाखवा! आणि काळाकोट, बाराबोअर दुकानात ठीक. ती खांद्याला लावून स्कूटरवर बँकेत जाऊ का?

काळाकोट
न्या, पण तीही कव्हरमध्येच. गंमत सोडा. धमकीचे फोन आले तेव्हा ठाण्यात नोंद केली होती का? 'सबळ कारण' म्हणजे तोच कागद. त्याच्या प्रती लावून अर्ज करा. नाकारला तर कारणं लेखी मागा, आणि ती हातात आली की कलम १८ खाली अपील. तोंडी नकार घेऊन परत येऊ नका, बहुतेक जण तिथेच थांबतात.

सराफकट्टा
एकदाच केली होती. बाकीच्या वेळी हवालदार म्हणाले, 'नंबर ब्लॉक करा.'