बारावीनंतर बीएस्सी स्पोर्ट्स सायन्स: मुलगी अडून बसलीये, काय करावं?

मिरजेची_आई:
नमस्कार. मुलगी बारावी सायन्सला आहे, पीसीबी घेतलंय, गणित नाही. सातवीपासून खो-खो खेळते. आता म्हणते डॉक्टर नको, इंजिनिअर नको, स्पोर्ट्स सायन्स करायचं. घरात रोज यावरून खटके उडतायत, आजोबा म्हणतात पीटीची बाई व्हायला एवढी फी कशाला भरायची, बीपीएड कर की, आणि खरं सांगायचं तर फीचे आकडे बघून माझेही डोळे पांढरे झालेत. ह्यात नक्की शिकवतात काय आणि नोकरी कुठे मिळते? त्यापेक्षा फिजिओथेरपी बरी का? कुणी ह्या लाइनमधलं असेल तर मोकळेपणाने सांगा.

पहाटेचं_ग्राउंड:
ताई, मी स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग कोच आहे, म्हणजे खेळाडूंची ताकद आणि दमसास वाढवायचं काम, पुण्यात एका अकॅडमीत. आजोबांना आधी एवढं सांगा की दोन्ही रस्ते वेगळेत. शाळेत क्रीडाशिक्षक व्हायचं असेल तर बीपीएडच लागतं, तिथे ही बीएस्सी चालत नाही. आणि हिला शाळेत शिकवायचंच नसेल तर बीपीएड करून उपयोग काय?

शिकवतात काय म्हणाल तर अ‍ॅनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोमेकॅनिक्स (शरीराच्या हालचालींचं शास्त्र), न्यूट्रिशन, सायकॉलॉजी, आणि स्टॅटिस्टिक्स, जिथे निम्मा वर्ग रडतो. बरीच पोरं खेळायला मिळेल म्हणून येतात आणि मग कळतं की मैदानावर उभं आपण राहायचं, खेळणार दुसरेच. उदाहरण देतो. लॅक्टेट टेस्ट घ्यायची असते (लॅक्टेट म्हणजे जोरात पळताना स्नायूंतून रक्तात वाढत जाणारा पदार्थ), धावपटू ट्रेडमिलवर, दर तीन-चार मिनिटांनी स्पीड वाढवायचा आणि प्रत्येक टप्प्याला कानाच्या पाळीतून रक्ताचा थेंब घ्यायचा. आता घामातही लॅक्टेट असतं, त्यामुळे पाळी नीट पुसली नाही तर रीडिंग फुगून येतं, म्हणून पुसायचं, पहिला थेंब टाकून द्यायचा, दुसरा घ्यायचा, आणि हे सगळं काही सेकंदांत, समोरचा धापा टाकतोय आणि कोच घड्याळ बघतोय अशा वेळी. ह्यातनं त्याचा थ्रेशोल्ड, म्हणजे कुठल्या वेगाला लॅक्टेट झपाट्याने वाढायला लागतं ते, काढायचा आणि मग कुठल्या दिवशी किती वेगाने पळायचं ते ठरतं. किरकोळ वाटेल, पण आपल्या बीडच्या अविनाश साबळेचं २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुलला सुवर्ण फक्त ०.०५ सेकंदाने हुकलं, ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत. त्या लेव्हलला गेल्यावर सगळं अशाच बारीकसारीक गोष्टींवर येतं. पोरीला ह्या मोजमापाची मजा वाटते का ते बघा, नुसतं खेळाचं वेड पुरत नाही.

नोकऱ्या: प्रो कबड्डी, आयएसएल ह्या फुटबॉल लीगच्या टीम, खाजगी अकॅडम्या, साईची (भारतीय क्रीडा प्राधिकरणाची) सेंटर्स. पण टीमचं काम सीझनपुरतं आणि साईतही बरंचसं कॉन्ट्रॅक्टवर. माझ्या ओळखीतले बहुतेक जण सुरुवातीला मुंबई-पुण्यात जिममध्ये किंवा पर्सनल क्लायंट घेऊनच उभे राहिले. नुसत्या तीन वर्षांच्या डिग्रीवर कुणी टीमला घेत नाही, एमएस्सी नाहीतर सीएससीएस लागतंच. ती अमेरिकेतल्या एनएससीए ह्या संस्थेची स्ट्रेंथ कोचसाठीची परीक्षा आहे, त्यांचा नियम २०३० पासून बदलतोय, मग मान्यताप्राप्त कोर्सचीच डिग्री चालणार, तर अ‍ॅडमिशन घेतानाच हे विचारून ठेवा.

कोल्हापुरी_फिजिओ:
वरच्यांनी फिजिओबद्दल काही लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. बीपीटीला, म्हणजे फिजिओथेरपीच्या डिग्रीला, इंटर्नशिप धरून साडेचार-पाच वर्षं जातात, महाराष्ट्रात 'नीट' ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, पण हातात रजिस्ट्रेशन येतं. उद्या टीमचं काम सुटलं तरी मिरजेत स्वतःचं क्लिनिक टाकता येतं, आणि मिरजेत पेशंटला काय तोटा! नंतर एमपीटी, म्हणजे त्यातलीच मास्टर्स, स्पोर्ट्समध्ये करता येते. स्पोर्ट्स सायन्सवाल्याला दुखापतीवर उपचार करता येत नाहीत, तो टेस्ट घेणार, ट्रेनिंग आखणार, खेळाडू परत मैदानात उतरताना मदत करणार. घरची परिस्थिती बेताची असेल तर मी बीपीटीच सांगेन. मात्र तिला दवाखान्यात बसून आजीबाईंचे गुडघे बघायचे नसतील तर जबरदस्ती करू नका, सुरुवातीची वर्षं तेच असतं.

स्पष्ट_बोलतो:
क्रिकेट सोडून ह्या देशात कुठल्या खेळात पैसा आहे हो? भाच्याने केलाय असला कोर्स, आता प्रोटीन पावडर विकतो. डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करा, रक्त-लघवी तपासायची लॅब टाका, विषय संपला.

पहाटेचं_ग्राउंड:
@स्पष्ट_बोलतो प्रोटीन विकणारे इंजिनिअरही भरपूर आहेत दादा.

लफबरोहून:
मी सध्या इकडे इंग्लंडमध्ये एमएस्सी करतेय, एक वर्षाची आहे. माझं मत, बीएस्सी भारतातच करा, सरळ इकडे पाठवलंत तर पौंडात कंबरडं मोडेल. मणिपालला आहे, चेन्नईला श्री रामचंद्रमध्ये आहे. इंफाळला राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ आहे, पण तिकडचा बीएस्सी कोचिंगचा आहे, तो प्रकार निराळा. आणि स्पोर्ट्स मॅनेजमेंट म्हणजे स्पोर्ट्स सायन्स नव्हे, ब्रोशरमध्ये दोन्ही शेजारी-शेजारी असतात आणि लोक हमखास फसतात.

फी भरायच्या आधी लॅब बघायला मागा. दाखवतील, पण तेवढ्यावर खूश होऊ नका, सेकंड इयरच्या एखाद्या पोराला बाजूला घेऊन विचारा की तू स्वतः किती टेस्ट घेतल्यास. मी अ‍ॅडमिशनसाठी हिंडत होते तेव्हा एका कॉलेजात, नाव राहू दे, श्वासातला ऑक्सिजन मोजायच्या मशीनवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. आणि इंटर्नशिप कुठे लावतात ते लेखी घ्या, "टायअप आहेत" ह्याला काही अर्थ नसतो.

मिरजेची_आई:
सगळ्यांचे मनापासून आभार. तिला सगळं वाचून दाखवलं. कानातनं रक्त काढायचं ऐकून आजोबा म्हणाले हे तर डॉक्टरकीच झालं, त्यामुळे विरोध जरा मावळलाय. आता असं ठरतंय की 'नीट' द्यायची, बीपीटीचं सरकारी कॉलेज मिळालं तर ते, नाहीतर मणिपालचा फॉर्म भरून ठेवायचा. ती अजून तोंड फुगवून आहे, बीपीटी तिला नकोच आहे. एकच शंका राहिली, तिचं गणित नाही, तर ते स्टॅटिस्टिक्स झेपेल का?

पहाटेचं_ग्राउंड:
झेपेल. दहावीचं गणित आणि एक्सेल जमलं की सुरुवात होते, पुढचं सॉफ्टवेअर करतं, आलेल्या आकड्याचा अर्थ लावता आला पाहिजे. बारावीची परीक्षा झाली की तिला चार दिवस आमच्याकडे पाठवा, सकाळी साडेपाचला ग्राउंडवर. आठ जागी चिमटीत कातडी धरून चरबी मोजायचं काम असतं, नोंदी लिहायला माणूस लागतोच. मेसेज करा, पत्ता देतो.