सगळं मिळालं, मग रिकामं का वाटतं? इंदूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा

मागच्या महिन्यात नव्या फ्लॅटची वास्तुशांत झाली. बायपासजवळ, अकरावा मजला, तीन बेडरूम. गुरुजी, होम, जेवणावळ, सगळं यथासांग. लहानपण माझं रामबागेतल्या वाड्यात गेलं. तिथे सत्यनारायण असला की आईला निरोप धाडावे लागत नसत. शिऱ्याचा वास जिन्यात पोचला की माणसं यायचीच. इथे पाहुणे निघून गेल्यावर पातेलंभर प्रसाद उरला. वाटी भरून दाराबाहेर आलो, समोरची तीन बंद दारं पाहिली आणि परत आत गेलो. कुणाची बेल वाजवायची? नाव काय, माणसं किती, काहीच ठाऊक नाही. शिरा तीन दिवस फ्रिजमध्ये होता.

या घरासाठी बावीस वर्षं राबलो. घर हवंच होतं आणि त्याचा आनंदही आहे. पण त्या रात्री वाटी ओट्यावर ठेवताना जे पोटात कालवलं, ते अजून जात नाही. म्हणून हा धागा. उपदेश नकोत. तुम्हाला असं कधी वाटलं, मग तुम्ही काय केलंत, जमलं की फसलं, ते जसं झालं तसं लिहा.

सुदामानगरहून, बँकेतून निवृत्त, वय ६४

मला पैशाची ददात नव्हती. सकाळी शेअर बाजार, संध्याकाळीही तोच. एकदा बायको म्हणाली, "अहो, तुम्ही हल्ली फक्त आकड्यांशी बोलता." ते लागलं. त्याच वर्षी देवउठनी एकादशीनंतर ओंकारेश्वरहून नर्मदा परिक्रमा उचलली.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मैया कायम उजव्या हाताला ठेवायची, पात्र ओलांडायचं नाही. नदी १३१२ किलोमीटर लांब, दोन्ही काठ चालायचे म्हणजे त्याच्या दुपटीहून जास्तच चाल होते. परंपरेने तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस लागतात. मी साडेपाच महिन्यांत, चातुर्मास लागायच्या आत पुरी केली.

पैसे न वापरायचं ठरवलं होतं. बडवानीच्या अलीकडे एका दुपारी पोटात कावळे ओरडत होते, आसपास आश्रम नाही, सदाव्रत म्हणजे फुकट शिधा मिळायची जागाही नाही. एका झोपडीपुढे उभा राहिलो. "नर्मदे हर" म्हणालो आणि पुढचे शब्द फुटेनात. चौतीस वर्षं लोक कर्जासाठी माझ्या टेबलापुढे उभे राहायचे. मागताना घसा कसा सुकतो, ते त्या दिवशी कळलं.

आतून एक म्हातारी आली. तिने काही विचारलं नाही. मक्याचं पीठ मळलं, हातावर थापून दोन जाड टिक्कड भाजायला टाकले, पाट्यावर लाल मिरची आणि लसूण वाटली. पिठाचा डबा माझ्यासमोरच उघडा होता आणि त्याचा तळ दिसत होता. मी म्हटलं, माई, एकच पुरे. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि दुसरा टिक्कडही पानात वाढला. निघताना मी वाकणार, तोच ती माझ्या पाया पडली. परिक्रमावासी दारात आला की त्या काठावर मैयाच आली असं मानतात.

पुढे नदी समुद्राला मिळते तिथे कठपोरहून समुद्रातून नावेने पलीकडे मिठी तलाईला उतरलो, उत्तर तटाने अमरकंटक गाठलं, तिथून दक्षिण तटाने परत येऊन ओंकारेश्वराला जल चढवलं. दोन वर्षं झाली. डोळ्यांपुढे येतो तो त्या डब्याचा तळ. आता दुपारी कुरियरवाला आला, गॅसवाला आला, तर आधी पाण्याचा तांब्या पुढे करतो आणि तो पाणी पिईपर्यंत सोबत उभा राहतो. शेअर अजून पाहतो, खोटं कशाला सांगू.

लोकमान्यनगरहून

माझं फसलं, तेही लिहून ठेवतो. दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला गेलो. मौन, पहाटे चारला घंटा, फी नाही. आधी शिबिर करून गेलेल्यांच्या दानावर सगळं चालतं. सातव्या दिवशी खरंच आत शांत झालं. घरी आलो, पंधरा दिवस बैठक टिकली, मग मार्च आला. मी करसल्लागार आहे, मार्चमध्ये माणसात नसतो. दोष शिबिराचा नाही. एक मात्र लक्षात आलं. मला एकट्याने बसणं टिकवता येत नाही, सोबत लागते. आता दर गुरुवारी आमच्या गल्लीत सात-आठ जण जमून आरती आणि करुणात्रिपदी ही दत्ताची प्रार्थना म्हणतो. कधी माझं मन तिथे असतं, कधी नसतं. पण न गेलो तर रात्री फोन येतो, "काय रे, बरा आहेस ना?"

जमिनींचे व्यवहार करतो, सुपर कॉरिडॉर भागात

दिवसभर माझ्या तोंडी स्क्वेअर फूटचा भावच असतो. आईला घेऊन महेश्वरला गेलो होतो. अहिल्याबाईंचा वाडा तिने पाहिला नव्हता. एवढ्या मोठ्या राज्याचा कारभार १७९५ पर्यंत त्यांनी पाहिला, काशीपासून किती ठिकाणी देवळं आणि घाट बांधले, आणि त्यांची बसायची जागा म्हणजे साधी गादी. आई म्हणाली, "आपला सोफा मोठा आहे रे हिच्यापेक्षा."

तिथे सकाळी लिंगार्चन पाहिलं. काळ्या मातीची चिमुकली शिवलिंगं हातांनी घडवतात, ओळीने पाटावर मांडतात, पूजा करतात आणि मग सगळी माती नर्मदेत सोडतात. उद्या परत नवी. अहिल्याबाईंच्या काळापासून रोज. जी वस्तू ठेवायची नाही, ती इतक्या जपून घडवणारे हात मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले. काम सोडलेलं नाही, सोडणारही नाही. पण आईला घेऊन दर दोन महिन्यांनी जातो आणि येताना गाडीत आम्ही बोलतो. त्याआधी मी आईशी फक्त तिच्या गोळ्यांबद्दल बोलत होतो.

राजेंद्रनगरहून, वय ५९

आमची बारा जणींची भिशी आहे. मला ती आवडते, उगाच नावं ठेवणार नाही. मुलगा अमेरिकेत, हे पाच वर्षांपूर्वी गेले. भिशीहून येऊन कुलूप उघडलं की घर अंगावर यायचं.

कुणीतरी सुचवलं म्हणून आम्ही एमवाय या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात पेशंटच्या नातेवाइकांना खिचडी वाटायला गेलो. वाढली, फोटो काढला, परत आलो. रात्री तो फोटो पाहताना दिसलं की आम्ही सगळ्या कॅमेऱ्याकडे पाहतोय आणि ताटं हातात घेतलेली माणसं खाली पाहतायत. मला फार लाज वाटली.

पुढच्या आठवड्यात एकटी गेले. झाबुआकडची एक पोर, फार तर वीस वर्षांची, मांडीवर तापाने फणफणलेलं बाळ. खिचडीकडे तिने पाहिलंही नाही. म्हणाली, "बाई, थोड़ी देर इसको पकड़ लोगी? तीन दिन से नहाई नहीं।"

बाळ खांद्यावर घेतलं. त्याने माझ्या चष्म्याची दोरी मुठीत धरली, ती काही केल्या सोडेना. एवढासा जीव, पण तापाने माझा खांदा भाजत होता. ती ओल्या केसांनी परत आली तेव्हा तिचा चेहरा पाहायला हवा होता तुम्ही. मग आम्ही तासभर बोललो. तिची भाषा मला अर्धी कळली, माझी तिला.

आता मंगळवारी आणि शुक्रवारी जाते. खिचडी नेत नाही. कुणाची चिठ्ठी वाचून द्यायची, औषधाची खिडकी दाखवायची, कुणाचं पोर धरायचं. मुलगा रविवारी फोनवर विचारतो, "आई, दिवसभर काय करतेस?" आता माझ्याकडे सांगायला असतं.

धागा काढणारा

सगळं दोनदोनदा वाचलं. राजेंद्रनगरच्या ताई, तुमचं बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं, पुढे वाचवेना.

आज रविवार. सकाळी पोहे केले. वर शेव, जिरावण, कोथिंबीर घालून बशी भरली आणि समोरची बेल वाजवली. दार उघडलं एका सिंधी आजींनी. घरात त्या आणि आजोबा, दोघंच. मी नाव सांगायच्या आत त्या म्हणाल्या, "उस दिन आपके यहाँ पूजा थी ना? शंख सुना था। हम दोनों तैयार होकर बैठे थे, शायद बुलाओगे।"

मला उत्तर सुचलं नाही. त्यांनी हाताला धरून आत नेलं, चहा टाकला. आजोबांना ऐकू कमी येतं, त्यांनी दोनदा विचारलं की मी कोणत्या फ्लॅटमध्ये राहतो. निघताना बशी मागितली तर आजी म्हणाल्या, रिकामी बशी आमच्याकडे परत करत नाहीत.

अजून त्यांच्याकडेच आहे.