जुहूचा सूर्यास्त आणि धावती मुले: शटर किती ठेवावा?

सांजरंग
जुहूच्या किनाऱ्यावर संध्याकाळी फुटबॉल खेळणारी मुले आणि त्यांच्यामागचे तांबूस आकाश एकाच छायाचित्रात आणायचे आहे. आकाशाचे रंग साधतात तेव्हा मुलांचे पाय पुसट येतात. शटर वेगवान केला, म्हणजे तो उघडा राहण्याचा वेळ कमी केला, की चित्र काळवंडते आणि आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) वाढवल्यावर गडद भागांत दाणे दिसू लागतात. मिररलेस कॅमेरा आणि सोबत आलेली १८-५५ मिमीची लेन्स एवढेच साहित्य माझ्याकडे आहे. फ्लॅश वापरून खेळणाऱ्यांना त्रास द्यायचा नाही. अशा वेळी प्रकाशाचे मापन कसे करावे, आणि किनाऱ्यावर नेमके कधी जावे?

छायाप्रकाश
मुलांचे चेहरे दिसायला हवेत की त्यांच्या काळ्या छायाकृती हव्यात, हे आधी ठरवा. सूर्य पाठीमागे असताना फ्लॅशशिवाय दोन्ही मिळणे अवघड आहे, आणि माझ्या मते या प्रसंगाला छायाकृतीच शोभते. एकदा ते ठरले की काळवंडणे ही अडचणच उरत नाही, कारण गडद भाग नंतर उजळायचा नसला की दाणेही फारसे जाणवत नाहीत. सूर्य चौकटीबाहेर ठेवून त्याच्या शेजारच्या आकाशावर मापन घ्या आणि मॅन्युअलमध्ये (सगळे आकडे स्वतः ठरवण्याच्या सोयीत) ते कायम करा, म्हणजे चौकटीत माणसे आली-गेली तरी आकाशाचा रंग बदलणार नाही. धावणाऱ्यासाठी १/५०० सेकंदाचा शटर पुरतो. चेंडूवर बसणारी लाथ आणि उडालेले पाणी गोठवायचे असेल तर १/१००० हवा. व्हाइट बॅलन्स (रंगछटेचा समतोल) ऑटोवर ठेवू नका, तो तांबूसपणा मारतो. डेलाइटवर ठेवा आणि रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) टिपा.

मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे सूर्य बराच सरळ खाली उतरतो आणि संधिप्रकाश लवकर सरतो. सूर्य बुडाल्यावर साधारण वीस मिनिटांत १/५०० टिकवणे कठीण होते. तेव्हा हट्ट सोडून १/१५ ते १/३० वर या आणि धावणाऱ्याबरोबर कॅमेरा फिरवत टिपा; त्या पुसटपणातही गती छान उतरते.

वेसावकर
कधी जावे, याचे उत्तर पंचांगात आहे. आपल्या किनाऱ्यावर तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती असते. त्या संध्याकाळी जुहूला खेळायला वाळूच फार उरत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती दुपारी बाराच्या सुमारास येते आणि सूर्यास्ताच्या वेळी पाणी दूर गेलेले असते. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणून पौर्णिमा-अमावास्येचाच दिवस बरा; जूनमध्ये तो सव्वासातनंतर मावळतो, म्हणून पुढची प्रतिपदा किंवा द्वितीया साधावी. निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचे कोष्टक मात्र पाहावेच. ओसरत्या पाण्याचा पातळ थर वाळूवर राहतो, त्यात सगळे आकाश उतरते आणि धावणाऱ्याच्या पायाशी त्याचीच उलटी आकृती मिळते.

थंडीत शहरावर धुरके असते, त्यामुळे सूर्य क्षितिजाला टेकण्याआधीच विरून जातो. रंगांसाठी सप्टेंबर-ऑक्टोबरमधली, पाऊस थांबून उंचावर विरळ ढग राहिलेली संध्याकाळ मला सर्वांत आवडते.

सांजरंग
दोघांचेही मनापासून आभार. एक शंका राहिली: छायाकृतीवर फोकस बसत नाही, कॅमेरा पुढेमागे शोधत राहतो. त्याचे काय करावे?

छायाप्रकाश
काळ्या कपड्याच्या मधोमध त्याला पकडायला काहीच सापडत नाही. फोकसचा बिंदू खांद्याच्या किंवा डोक्याच्या कडेवर, जिथे काळे आणि उजळ एकमेकांना भिडतात तिथे ठेवा आणि सतत फोकसची सोय चालू करा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे खाली बसा. उभे राहून टिपले तर क्षितिजाची रेघ मुलांच्या डोक्यांवरून जाते आणि त्यांची अंगे काळपट पाण्यात मिसळून जातात. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणला की तीच रेघ त्यांच्या गुडघ्यापाशी येते, बाकी सगळे शरीर आकाशावर सुटे दिसते आणि कडा पकडणे कॅमेऱ्यालाही सोपे जाते. दोन मुले एकमेकांवर आली की एकच काळा गोळा होतो, म्हणून त्यांच्यामध्ये फट दिसेल तेव्हाच बटण दाबा. मुले लहान असतील तर त्यांच्या पालकांना आधी विचारून घ्या.