जपानी शिकून अजिंठ्याला गाइड व्हावं का?

वाघूरकाठ
नमस्कार मंडळी. मी संभाजीनगरला इतिहासात एम.ए. करतेय, जपानीचा क्लासही लावलाय. अजिंठ्याला गाइड व्हायचं मनात आहे. घरचे म्हणतात, कोविडमध्ये गाइड लोकांचे हाल बघितलेस ना, पुन्हा साथ आली तर काय करशील? लोकांची प्रवासाची भीती खरंच गेलीय का? या कामातलं कुणी सांगेल का?

लेणीवाला
ताई, मी याच कामातला. 17 मार्च 2020 ला लेणी बंद झाली ती थेट 10 डिसेंबरला उघडली. मधल्या काळात फर्दापूरच्या टी पॉइंटवरची, म्हणजे लेण्यांच्या फाट्यावरची दुकानं कुलपात आणि डोली वाहणारी माणसं कापूस वेचायला.

उघडल्यावर आधी आले ते जळगाव-बुलढाण्याकडचे. स्वतःची गाडी, घरचा डबा, संध्याकाळी परत. एक आजोबा पहिल्या लेण्याच्या दारातच थांबले. आत अंधार, कोंदट हवा. "तुम्ही बघून या, मी इथंच बसतो." सुनेनं भिंतीवरच्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्राचा फोटो काढून बाहेर आणून दाखवला, तो त्यांनी मास्क सावरत कितीतरी वेळ पाहिला. ती भीती पुढे ओसरली. आता सुटीच्या दिवशी त्याच दारात रांग असते.

परदेशी पाहुण्यांचं तसं नाही. 2019 मध्ये देशात 1 कोटी 9 लाख आले होते, 2021 मध्ये जेमतेम 15 लाख. नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं सुरू व्हायला 27 मार्च 2022 उजाडलं, आणि जपान तर इतका सावध की गटाशिवाय येणाऱ्या पर्यटकांना स्वतःची दारं उघडली ती त्याच वर्षी ऑक्टोबरात. माझ्याकडचे जपानी पाहुणे बहुतेक निवृत्त, बौद्ध स्थळांच्या फेरीवर निघालेले. जिवाला सर्वांत जपणारी हीच माणसं, त्यामुळे साथीनंतर तीच शेवटी येणार हे धरून चाला.

जपानी सोडू नका. पण सतराव्या लेण्यातलं विश्वंतर जातक, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्माची गोष्ट, शाळेच्या पोरांना मराठीत रंगवून सांगता आलंच पाहिजे. त्या काळात माझी चूल आपल्याच लोकांनी पेटती ठेवली.

सहलवाला_पुणे
मी ज्येष्ठांच्या सहली काढतो. फरक एवढाच की पूर्वी पहिला प्रश्न जेवणाचा असायचा. आता विचारतात, जवळ दवाखाना आहे का, आणि ऐनवेळी रद्द केलं तर पैसे परत मिळतील का. याची उत्तरं लेखी दिली की बुकिंग होतं.

वाघूरकाठ
दादा, सरकारी मदत काही मिळाली का?

लेणीवाला
जून 2021 मध्ये केंद्रानं परवानाधारक गाइडना 1 लाखापर्यंत विनातारण कर्ज जाहीर केलं. मी घेतलं नाही. पाहुणाच नाही तर हप्ता कुठून भरणार? तरी परवाना आधी काढा, कागद नसेल तर अशा यादीत नावच येत नाही. डोलीवाल्यांचं तेच झालं. चढावर म्हाताऱ्या माणसांना खांद्यावर नेणारी ही माणसं, पण त्या योजनेत त्यांना जागाच नव्हती. पुढच्या वेळी तरी त्यांचा विचार आधी व्हावा.