लॅबवाला पाकीट घेऊन आला, काय करू?

तालुक्याच्या गावात जनरल प्रॅक्टिस सुरू करून 8 महिने झालेत. काल एका लॅबचा माणूस आला, पेशंट पाठवा, दर महिन्याला कट पोचेल म्हणाला. मी नाही म्हटलं, पण गाळ्याचं भाडं, लोनचा हप्ता आणि सलाईन लावलं नाही की पेशंट शेजारच्या दवाखान्यात जातात... तुम्ही कसं निभावता?

उत्तर: नाही म्हणालात ते बरंच केलंत. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांत रेफरलचं कमिशन देणं आणि घेणं दोन्हीला मनाई आहे. 2017 ला महाराष्ट्रात कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदाही झाला होता. आणि तो कट शेवटी पेशंटच्याच बिलातून निघतो हो.

उत्तर: सलाईनचं सांगतो. मी बाटली हातात देऊन दाखवतो, बघा काका, अर्ध्या लिटरात साडेचार ग्रॅम मीठ आहे, बाकी पाणी, तुम्हाला उलट्या नाहीत, तोंडाने पाणी जातंय तर ओआरएस घ्या. पाच मिनिटं जातात, बाहेर रांग असते, काहीजण उठून जातात पण, खरं सांगतो, बरेचसे परत येतात आणि मग घरातल्या सगळ्यांना घेऊन येतात.

उत्तर: मी पेशंट आहे. आमच्या डॉक्टरांनी आईला "ही तपासणी आत्ता नको" म्हटलं होतं, तेव्हापासून दुसरीकडे गेलो नाही.