खाजनासाठी कोरगुट की सुधारित वाण?

प्रश्न: मांडवीकाठच्या आमच्या खाजनात (बांध घालून खारे पाणी अडवलेल्या सखल भातशेतीत) गेल्या वर्षी बांध फुटून खारे पाणी शिरले आणि ज्योती या सुधारित भातवाणाची रोपे करपली. कोरगुट हा आमचा पारंपरिक भातवाण खाऱ्या पाण्यात तगतो, पण उंच वाढून लोळतो. खारेपणात तगणे आणि न लोळणे हे दोन्ही गुण एकाच वाणात आणता येत नाहीत काय?

उत्तर १: येतात. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने कोरगुटमधूनच निवड करून गोवा धान १ आणि गोवा धान २ हे क्षारसहिष्णू वाण विकसित केले आहेत. निवडीत मूळ वाणात आधीच असलेले गुणच वेचता येतात. संकरात मात्र, उदाहरणार्थ, केरळच्या पोक्काली भाताच्या पहिल्या गुणसूत्रावरील ‘सॉल्टोल’ हा भाग, जो रोपातील सोडियम आणि पोटॅशियम यांचे प्रमाण सांभाळतो, जनुकीय खुणांच्या आधारे हव्या त्या वाणात उतरवता येतो.

उत्तर २: वरील माहिती योग्य आहे, तथापि सॉल्टोलचा उपयोग मुख्यतः रोपावस्थेत होतो. फुलोऱ्याच्या वेळची सहनशीलता वेगळ्या जनुकांवर अवलंबून असल्यामुळे केवळ रोपे तगली म्हणून दाणा भरेलच असे नाही. नवे बियाणे प्रथम एका कुणग्यातच (शेताच्या एका तुकड्यातच) लावून पाहावे. आणि मानशीची (बांधातील पाणी अडवण्या-सोडण्याच्या दाराची) फळी आधी दुरुस्त करावी, हे सांगणे न लगे!

प्रश्नकर्ता: आभारी आहे. यंदा अर्ध्या कुणग्यात कोरगुटही ठेवीन.