एआय एजंटला डिप्लॉयची की द्यायची का?

प्रश्न: मंडळी, आमचा कोडिंग एजंट सॉलिडिटी (इथेरियमच्या स्मार्ट कॉन्ट्रॅक्टची भाषा) लिहितो, टेस्ट चालवतो, सगळं मस्त चाललंय, पण आता टीमला त्याला डिप्लॉय पण करू द्यायचंय, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट चेनवर चढवू द्यायचंय, आणि प्रायव्हेट की (ट्रान्झॅक्शनवर सही करणारी गुप्त की) तर प्रोजेक्टच्या सेटिंग्जच्या एन्व्ह फाइलमध्येच पडलीये, मला धडकी भरलीये. लगाम कुठे घालायचा?

उत्तर: आधी ती की आजच काढ आणि बदल. एजंट फाइल वाचू शकतो म्हणजे की त्याच्या हातात आहेच, प्रॉम्प्टमध्ये "वापरू नको" लिहून काही होत नाही. फाउंड्रीची (सॉलिडिटीचं टूल) स्क्रिप्ट ब्रॉडकास्ट फ्लॅगशिवाय चेनवर काही न पाठवता नुसतं सिम्युलेशन करते, तेवढं करू दे. सेपोलियाला, म्हणजे इथेरियमच्या टेस्ट नेटवर्कला, वेगळी की ठेव.

उत्तर: मेननेटला (खऱ्या पैशांचं मुख्य नेटवर्क) सेफ मल्टिसिग, म्हणजे अनेकांच्या सह्या लागणारं वॉलेट, लाव, एजंटने ट्रान्झॅक्शन फक्त प्रपोज करायचं, सह्या माणसांच्याच. नोव्हेंबर २०१७ मध्ये पॅरिटी वॉलेटचं लायब्ररी कॉन्ट्रॅक्ट (बरीच वॉलेट ज्यावर चालायची ते) एकाने मालकी घेऊन किल केलं, म्हणजे नष्ट केलं, आणि पाच लाखांवर इथर अडकलं, चेनवर अनडू नसतो रे.

प्रश्नकर्ता: आणि प्रॉक्सी अपग्रेडचे, म्हणजे चेनवरच्या कॉन्ट्रॅक्टचा कोड बदलायचे हक्क?

उत्तर: ते पण मल्टिसिगकडेच, वर टाइमलॉक, म्हणजे ठरलेला वेळ गेल्याशिवाय बदल लागू होत नाही. मी तर दोन दिवसांचा ठेवतो.